जात्याची घरघर कुठं गेली?

हळद दळायची होती. नांदगावात स्टेशनाजवळ आमचं घर, आणि घरात पुतणीचं लग्न. अडगळीतलं जातं बाहेर काढलं, धुऊन पुसून त्याला हळकुंड-सुपारी बांधली आणि आत्या खुंटा धरून बसली. चार-पाच फेरे झाले नाहीत तोच तिनं ओवी धरली. आमच्या घरात जात्यावर ओवी म्हणणारी ती शेवटची. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून पुतण्यानं फोन तिच्यापुढं दोन हातांवर स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंगचं ॲप सुरू केलं आणि स्वतः दारापाशी जाऊन उभा राहिला. कानात सकाळपासून घातलेले वायरलेस इअरबड तसेच होते.

संध्याकाळी सगळे ऐकायला बसलो. आत्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता. ओवीच्या शेवटी ती सूर लांबवते, तो सूर निम्म्यावर विरून जायचा आणि पुढच्या शब्दाबरोबर परत यायचा. जात्याचा तर मागमूसच नव्हता. अर्धा तास घरभर भरून राहिलेली ती दगडाची घरघर कुणीतरी पुसून टाकली होती. आणि मधेच पुतण्यानं कुणाला तरी हळूच म्हटलेलं “पाणी आण रे” मात्र लख्ख, अगदी कानाशी बोलावं तसं.

कोडं सुटलं ते या “पाणी आण रे”नंच. आत्यापुढं ठेवलेल्या फोनचा माइक ऐकतच नव्हता. ऐकत होता तो दारापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या कानातला माइक. फोनला वायरलेस माइक जोडलेला दिसला की काही ॲप्स आपणहून त्याच्याकडून आवाज घेतात. मग मी त्या माइकच्या मागे लागलो, आणि जे कळत गेलं त्यानं थक्क झालो.

इअरबडच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. आत सिलिकॉनचा पडदा, रुंदीला साधारण एक मिलिमीटर आणि जाडीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्याच्यासमोर बारीक छिद्रांची दुसरी पट्टी. हवा थरथरली की पडदा थरथरतो, दोघांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि तेवढ्यानं तिथला विद्युतभार साठवायची क्षमता बदलते. तो बदल म्हणजेच आपला आवाज. असे पडदे कोरले जातात, कॉम्प्युटरच्या चिपा जशा कोरतात तसेच.

एका बडमध्ये असे दोन-तीन माइक असतात, आणि त्यांची खरी करामत जोडीनं ऐकण्यात आहे. समजा दोन माइक दोन सेंटिमीटर अंतरावर आहेत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पहिल्या माइकपासून दुसऱ्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचे सुमारे ५९ दशलक्षांश भाग लागतात. तोंडाकडून आलेला आवाज एका माइकला आधी आणि दुसऱ्याला तेवढ्या उशिरानं भेटतो. समोरून, बाजूनं, मागून आलेल्या आवाजाचा उशीर वेगळा. बडमधली चिप हा उशीर मोजते आणि ठरवते, की हा आपल्या माणसाच्या तोंडातून आला, हा परक्याचा. आपल्या माणसाचा आवाज ठेवायचा, परक्याचा दाबायचा. दोन हातांवर बसलेला फोन सोडून हा माइक ऐकत होता, आणि त्याच्या हिशेबी आत्या परकी होती.

जातं कसं गेलं, हे त्याहून नवलाचं. माणसाचं बोलणं तुटक असतं. शब्द, थांबा, शब्द, पुन्हा थांबा. पंखा, मोटार, गाडीचं इंजिन यांचा आवाज एकसारखा चालू राहतो. कॉलवर पलीकडच्या माणसाला पंखा ऐकू येऊ नये म्हणून चिपला शिकवलेलं असतं, की जे बदलत नाही तो गोंगाट, त्याला वजा कर. जात्याची घरघर म्हणजे न बदलणाऱ्या आवाजाचा आदर्श नमुना! आणि आत्याचा लांबवलेला सूर? तोही चिपला पंख्यासारखाच वाटला असणार. शब्द आला की चिपनं दार उघडायचं, सूर लांबला की हळूहळू लोटायचं. ओवीत शब्दांइतकाच जीव त्या लांबवलेल्या सुरात आणि त्याखालच्या दगडात असतो, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मला त्या चिपचा राग आला नाही. तिला दिलेलं काम ती चोख करत होती. नांदगावच्या फलाटावर उभं राहून बघा. मुंबईहून भुसावळकडे जाणारी एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघून जाते, वर घोषणा चालू असते, चहावाला ओरडत असतो, आणि कानात बड घातलेला माणूस घरी सांगतो, “पोचलोय, निघतो.” पलीकडे ते वाक्य समजतं. त्या गदारोळातून त्या एका माणसाचा आवाज निवडून काढणं ही केवढी गोष्ट आहे! फक्त तोच कान ओवी ऐकायला बसवू नये.

पण डब्यातून आल्यासारखा आवाज कशामुळे? त्याचं कारण कानात नाही, कान आणि फोन यांच्यामधल्या हवेत आहे.

ब्लूटूथचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. इअरबडसाठी रूढ असलेल्या पद्धतीत या पट्ट्याच्या ७९ वाटा केलेल्या आहेत आणि फोन व बड दोघं मिळून सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतात. त्याच फलाटावर शंभर माणसांच्या कानात बड असले तरी कुणाचं गाणं कुणाच्या कानात शिरत नाही, कारण प्रत्येक जोडी आपापल्या क्रमानं उड्या मारत असते. उड्या मारत निरोप द्यायची अशीच एक कल्पना १९४२ साली अमेरिकेत पेटंट झाली होती. पेटंट घेणारी दोघं होती हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार. पाणतीराला दिशा देणारे रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून त्यांनी ८८ वाटा सुचवल्या होत्या. पियानोच्या पट्ट्याही ८८च.

दोन उड्यांच्या मधला वेळ म्हणजे सेकंदाचे ६२५ दशलक्षांश भाग. एवढ्या वेळेची एक खेप. या खेपा कुणाला किती द्यायच्या याचं वेळापत्रक असतं, आणि रेल्वेच्या गावात वाढलेल्याला ते लगेच कळतं. गाणं म्हणजे मालगाडी. डबा हरवला तर परत मागवता येतो, कारण बडमध्ये थोडा साठा करून ठेवलेला असतो आणि गाण्याला घाई नसते. बोलणं म्हणजे वेळेची पॅसेंजर. उशिरा पोचलेला शब्द कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून बोलण्यासाठी ठरावीक खेपा राखून ठेवतात, जाणारी एक आणि येणारी एक, आणि एखादी खेप चुकली तर तिच्यासाठी फारसं थांबत नाहीत.

ही दोन वेगळी वेळापत्रकं आहेत, आणि नेहमीच्या ब्लूटूथवर माइक उघडला की बड पहिलं सोडून दुसऱ्यावर जातात. गाणं ऐकताना दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि साध्या पद्धतीतही ३२८ किलोबिटपर्यंतचा ओघ. बोलण्याच्या वेळापत्रकात दोन्ही कानांना एकच आवाज, ओघ ६४ किलोबिट, नमुने जुन्या रीतीत ८,००० आणि नव्या रीतीत १६,०००. नमुन्यांच्या निम्म्याच कंपनांपर्यंत आवाज टिपता येतो, हा नियमच आहे. म्हणजे ८,००० नमुन्यांत सेकंदाला ४,००० कंपनांच्या वरचं सगळं गळून पडतं. आपण २०,००० पर्यंत ऐकू शकतो. गाणं चालू असताना कॉल आला, की सगळं एकदम चपटं झाल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

त्या गळून पडलेल्या भागात काय असतं, हे मराठी माणसानं स्वतःच्या तोंडात तपासून बघावं. “चार” म्हणा आणि मग गुरांचा “चारा” म्हणा. लिहिताना च एकच, उच्चार दोन. चाऱ्यातल्या च मध्ये दातांमागून निसटणारी जी बारीक सुरसुर आहे, ती फार वरच्या कंपनांत राहते. स चंही तसंच, आणि बायकांच्या आवाजात तर ती आणखी वर चढते. चार हजारांवर कापलं की आधी हीच सुरसुर जाते. फोनवर नाव सांगताना आपण “सतीशमधला स” असं सांगतो ना, ते उगीच नाही. आत्याच्या ओवीतले सगळे स आणि च बोथट झाले होते, जणू तिचे दात काढून घेतले होते.

उपाय अगदी साधा निघाला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथनं जोडलेल्या उपकरणांची यादी असते. त्यात आपल्या बडच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर बोट ठेवलं की सहसा दोन बटणं दिसतात, एक कॉलसाठी आणि एक मीडियासाठी. शब्द प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडे वेगळे असतात. कॉलचं बटण बंद केलं की बोलण्याचं वेळापत्रक त्या बडपुरतं रद्द होतं. माइक गेला, गाणं राहिलं. मात्र मग कॉल आला तर समोरच्याचा आवाजही कानात येत नाही, फोन कानाला लावावा लागतो. येणारी खेप आणि जाणारी खेप एकाच तिकिटावरच्या आहेत, त्यातली एकच रद्द करता येत नाही. आयफोनवर असं वेगळं बटण मिळत नाही. तिथं कॉल चालू असताना आवाजाची वाट आयफोनकडे वळवता येते, किंवा सरळ बड काढून ठेवायचे.

कॉलमधलं म्यूटचं बटण ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यानं फोन तुमचा आवाज पुढं पाठवत नाही एवढंच, बोलण्याचं वेळापत्रक चालूच राहतं, म्हणून म्यूट करून गाण्याचा आवाज सुधारत नाही. आणि बाहेरचा गोंगाट खोडून काढणारे बड असतील, तर त्यांचे माइक कॉलचं बटण बंद केल्यावरही जागेच असतात. ते बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या अगदी उलट लाट कानात सोडतात, आणि दोन लाटा एकमेकींना गिळतात. ते ऐकणं कानातल्या कानात संपतं. फोनवरचं एखादं ॲप माइक वापरत असेल, तर अँड्रॉइड १२ पासून पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते आणि आयओएस १४ पासून नारिंगी ठिपका. घरातल्या मोठ्या माणसांना हा ठिपका दाखवून ठेवावा.

ब्लूटूथची आणखी एक नवी रीत २०२० साली जाहीर झाली. तिच्यात गाणं आणि बोलणं दोन्ही एकाच नव्या पद्धतीनं बांधून पाठवतात आणि कमी ओघात चांगला आवाज बसतो. फोन आणि बड दोघांनाही ती यावी लागते. ती घरोघरी रुळली की माइक उघडल्यावर आवाज चपटा होणं पुष्कळ कमी होईल. पण कुणाचा आवाज ठेवायचा आणि कुणाचा पुसायचा, हा निवाडा चिपकडेच राहील.

आणि ओव्यांच्या बाबतीत तो निवाडा मला तिच्याकडे सोडायचा नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि त्यातल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. माइक बायकांसमोर नेऊन ठेवायचा आणि आहे तो आवाज आहे तसा घ्यायचा, एवढं त्यासाठी लागतं. आता ते प्रत्येक खिशात आहे. फक्त कोणता कान उघडा आहे, ते बघून घ्यायचं.

लग्न पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला पुन्हा बसवलं. हळद नव्हती, मूठमूठ ज्वारी घातली. पुतण्यानं बडचं कॉलचं बटण बंद केलं, फोन स्टुलावर ठेवला, घरातला पंखा थांबवला. या वेळी तो दारापाशी न जाता आत्याजवळच मांडी घालून बसला. तिनं सहा ओव्या म्हटल्या. चौथ्या ओवीला मालगाडी आली, तरी ती थांबली नाही.

मग त्यानं ते दोन्ही बड तिच्या कानात बसवले आणि रेकॉर्डिंग लावलं. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली. स्वतःचा आवाज आला तेव्हा काही बोलली नाही. गाडी आली तेव्हा जरा हसली. मग एकदम डोळे उघडून जात्याकडे बघितलं आणि म्हणाली, “खुंटा हालतोय रे बाबा. टक्‌ टक्‌ वाजतंय बघ. जरा ठोकून दे.”

पुतण्यानं खुंटा हातानं हलवून पाहिला. खरंच ढिला होता.