72 मिलिमीटरमध्ये 2,600 किलोमीटर

फेब्रुवारी महिन्यात फ्रान्सच्या रस्त्यांवरून एकाच जातीच्या शेकडो जुन्या गाड्या दक्षिणेकडे निघतात. प्रत्येकीत विद्यार्थी वयाचे दोघं, टपावर जादा चाकं आणि फावडी, मागच्या बाजूला मोरोक्कोतल्या शाळकरी मुलांसाठी वह्या-दप्तरं. गाडी म्हणजे रेनो 4 आणि रॅलीचं नाव कात्र-एल ट्रॉफी. 1997 पासून ती चालू आहे. फ्रान्स, मग स्पेन, मग समुद्र ओलांडून मोरोक्को, तिथे मेर्झुगाजवळच्या वाळूच्या टेकड्या आणि शेवटी मराकेश. सगळं मिळून सुमारे 6,000 किलोमीटर. पहिला नंबर सर्वांत वेगवान गाडीला मिळत नाही. ठरलेले टप्पे गाठताना जिने कमीत कमी किलोमीटर कापले, तिला मिळतो.

रेनो 4 1961 मध्ये बाजारात आली आणि जगभरात 80 लाखांहून अधिक तयार झाल्या. 1978 च्या सुमारास आलेल्या जीटीएल मॉडेलचं इंजिन 1108 सीसीचं, ताकद 34 अश्वशक्ती. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं होतं, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. एवढंसं इंजिन सहारात काय टिकाव धरणार, असं कुणालाही वाटेल. पण ही शंका घेण्याआधी त्याच्या पोटात काय चालतं याचा हिशेब मांडून बघा. मला तरी त्या हिशेबाने थक्क केलं.

ताशी सरासरी 60 किलोमीटर धरले, तर 6,000 किलोमीटरला 100 तास लागतात. मिनिटाला सरासरी 3,000 फेरे धरले, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट 1 कोटी 80 लाख वेळा फिरतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो. या इंजिनात ही धाव 72 मिलिमीटरची, म्हणजे फेऱ्यामागे 144 मिलिमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं जवळजवळ 2,600 किलोमीटर. गाडी फ्रान्सहून मराकेशला पोचते तेव्हा तिचा प्रत्येक पिस्टन एका बोटाएवढ्या जागेत एवढी धावपळ करून आलेला असतो, आणि तीही दर सेकंदाला शंभर वेळा थांबून, दिशा उलटी करून.

हे शक्य होतं ते इंजिनात जपलेल्या बारीक अंतरांमुळे. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते आणि तिच्यात दाबाखाली तेलाचा पडदा उभा असतो. सगळं नीट असेल तर चालत्या इंजिनात तिथे धातू धातूला टेकतच नाही. रॅलीसाठी इंजिन तयार करायचं म्हणजे मुख्यतः ही अंतरं पुन्हा जागेवर आणायची आणि वाळवंटापासून राखायची. ताकद वाढवण्याचा मोह होतोच. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवावं, मोठा कार्ब्युरेटर लावावा, असं वाटतं. पण वाढलेल्या प्रत्येक अश्वशक्तीबरोबर उष्णताही वाढते, आणि सहारात आधीच कशाचं संकट असेल तर ते उष्णतेचं.

पहिलं काम तपासणीचं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजायचं. आकडा किती मोठा आला यापेक्षा चारही आकडे सारखे आले का, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण तेलाने त्यांची गळती तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटकडे वळायचं. एवढ्या साध्या युक्तीने इंजिन न उघडता आतलं दुखणं ओळखता येतं.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. या इंजिनात थंड असताना इनलेटची फट 0.15 आणि एक्झॉस्टची 0.20 मिलिमीटर ठेवतात. ही फट कशासाठी? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या आसपास तापतो आणि तापला की लांबतो. त्याला लांबायला जागा हवी. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गंमत अशी की त्याला आपली बहुतेक उष्णता बाहेर टाकायची संधी मिळते ती फक्त मिटलेला असताना, जेव्हा त्याची कड हेडमधल्या सीटला टेकते तेव्हा. 3,000 फेऱ्यांना तो सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि 25 वेळा टेकून थंड होतो. ते टेकणं हुकलं की त्याची कड जळायला लागते. 0.20 मिलिमीटरची फट चुकली म्हणून मेर्झुगात गाडी तीन सिलिंडरवर येते ती अशी.

या इंजिनाची आणखी एक खुबी सांगायलाच हवी. क्लेऑं कारखान्याच्या नावाने ओळखलं जाणारं हे कास्ट आयर्नचं इंजिन 1962 मध्ये आलं आणि 1993 च्या ट्विंगोतही त्याचीच मोठी आवृत्ती होती. त्याचे सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेले नाहीत. वेगळे लायनर आत बसवलेले असतात आणि कूलंट थेट त्यांच्या अंगाला लागून वाहतं. झिजले तर पिस्टनसकट नवे लायनर बसवायचे, ब्लॉक तोच. हे लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहतात, मिलिमीटरचे काही शतांश फक्त, आणि तेवढ्या उंचवट्यावर हेड गॅसकेट आवळून बसतं. म्हणूनच हेड काढलेलं असताना लायनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवायचा नसतो. फिरवला तर लायनर हलतो, खालचं सील सुटतं आणि कूलंट इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलात उतरतं.

आता धूळ. वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळू दिसते, पण इंजिनाला वाळूचं भय तुलनेने कमी. टेकडीवरच्या वाळूचा कण साधारण पाव मिलिमीटरचा. तो जड असतो, वाऱ्याबरोबर जमिनीलगत उड्या मारत जातो आणि फिल्टरवर सहज अडकतो. खरा शत्रू म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक धूळ. ती हवेत तरंगत राहते, पुढच्या गाडीच्या चाकांमागून ढगासारखी उठते. तिचा आकार नेमका बेअरिंगमधल्या आणि रिंगांच्या भोवतीच्या तेलाच्या पडद्याएवढा. मोठा कण फटीत शिरतच नाही, फार बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो. फटीच्या मापाचा कण मात्र दोन्ही बाजूंना घासत राहतो. त्यातला क्वार्ट्झ कास्ट आयर्नहून कठीण.

हे इंजिन 3,000 फेऱ्यांना मिनिटाला हजारेक लिटर हवा ओढतं. दहा तास धुळीच्या वाटेवर गेले तर ती झाली 600 घनमीटर. दर घनमीटरमध्ये ग्रॅमचा फक्त दहावा भाग धूळ मानली, तरी 60 ग्रॅम क्वार्ट्झयुक्त भुकटी हवेच्या नळीच्या तोंडाशी येते. एवढी आत गेली तर रिंगा आणि लायनर यांचं आयुष्य तिथेच संपेल. म्हणून हवा घेण्याचं तोंड काचेच्या बाजूने टपाच्या उंचीपर्यंत नेतात, कागदी फिल्टरच्या आधी तेल लावलेला फोम बसवतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फिल्टरपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासतात. फिल्टर कितीही उत्तम असो, त्याच्या पुढची एक क्लिप ढिली असेल तर हवा तिथूनच शिरणार. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवून बघतात. ते मळलं तर कुठेतरी चोरवाट आहे. डिपस्टिकचं भोक आणि ऑइल फिलरचं झाकण याही अशाच चोरवाटा.

उष्णतेचं गणितही तितकंच विलक्षण. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्ये जातो, उरलेला बराचसा सायलेन्सरवाटे. पूर्ण जोर लावला असताना 34 अश्वशक्तीचं हे चिमुकलं इंजिन कूलंटला जवळजवळ 33 किलोवॅट उष्णता देतं. घरातले 2 किलोवॅटचे सोळा गीझर एकदम चालू केल्यासारखं. सपाट रस्त्यावर समोरचा वारा ती घेऊन जातो. पण मऊ वाळूत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात, वेग माणसाच्या धावण्याएवढा, आणि वारा मागून. तेव्हा रेडिएटरमधून हवा जवळजवळ वाहतच नाही. म्हणून निघण्यापूर्वी रेडिएटर आतून धुऊन घेतात, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि बेल्ट नवे घालतात, वॉटर पंपाला खेळ आलाय का बघतात.

रेनो 4 ची एक देणगी इथे कामाला येते. तिची कूलिंग व्यवस्था पहिल्यापासून बंद आहे. तापून फुगलेलं पाणी एका बाटलीत जातं आणि थंड झाल्यावर आपोआप परत ओढलं जातं. 1961 मध्ये लहान गाडीत ही मोठीच नवलाई होती. वाळवंटात हीच कल्पना त्याआधी एका माणसाने हाताने जुळवून वापरली होती. राल्फ बॅग्नोल्ड हा इजिप्तमध्ये नेमणूक झालेला ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर. 1920-30 च्या दशकांत तो फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकत असे. त्याने रेडिएटरची वाफ बाहेर सोडून देण्याऐवजी ती नळीने अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात नेली. वाफ तिथे निवायची आणि इंजिन थंड झालं की पाणी गुरगुरत रेडिएटरमध्ये परत यायचं. जिथे पिण्याचंही पाणी मोजून न्यायचं, तिथे हा डबा म्हणजे जीवच. वाळूचा कण वाऱ्यात कसा उड्या मारतो, यावर 1941 मध्ये मूलभूत ग्रंथ लिहिला तोही याच बॅग्नोल्डने.

मेर्झुगाहून मराकेशला जायचं तर मध्ये अ‍ॅटलास पर्वत येतो. तिथल्या तिझी-न-तिश्का घाटाची उंची 2,260 मीटर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 92 अंशांच्या सुमारास उकळतं, म्हणजे चढ सर्वांत कठीण तिथेच पाण्याची सहनशक्ती सर्वांत कमी. दाब धरणारं झाकण आणि ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट यांनी ती उणीव भरून निघते, पण झाकणाचं रबर चांगलं असेल तरच. हवाही तिथे सुमारे एक पंचमांशाने विरळ. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल सढळ हाताने सोडत राहतो. प्लग काळे पडतात, ताकद उतरते.

याखेरीज पेट्रोलचा पाइप तापलेल्या मॅनिफोल्डपासून लांब न्यायचा, नाहीतर आतच त्याची वाफ होऊन गाडी बंद पडते. इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल जवळ जादा ठेवायचे. चेंबरखाली जाड पत्रा लावायचा, पण हवा खेळेल असा.

जास्त ताकदीचं इंजिन घालूनही ही गाडी वाळवंटात धावली आहे. क्लोद आणि बर्नार मारो या भावांनी फोर-व्हील ड्राइव्ह रेनो 4 मध्ये रेनो 5 अल्पिनचं इंजिन घालून 1980 च्या पॅरिस-डाकारमध्ये मोटारींत तिसरा क्रमांक मिळवला होता. तेही इंजिन याच क्लेऑं घराण्यातलं. पण ते कसलेले शर्यतपटू होते आणि त्यांची स्पर्धा वेगाची होती. विद्यार्थ्यांच्या गाडीला मूळ इंजिनच बरं. त्याला एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. कासाब्लांकाच्या सोमाका कारखान्यात रेनो 4 वर्षानुवर्षं जुळवली गेली, त्यामुळे मोरोक्कोतल्या मेकॅनिकांच्या हाताला ही गाडी ओळखीची आहे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्याने लांब जाणार असाल, तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर करा. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट तपासून घ्या. आणि एअर फिल्टर आपटून किंवा हवेच्या जोरदार झोताने साफ करू नका. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. सरळ नवा घाला.