पोट भरलेल्या सापाला हात लावताना

किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्यात नाग अडकला होता. जाळीच्या भोकातून तो आत सहज शिरला. अंडी गिळल्यावर त्याच भोकातून त्याच्या अंगाचा मधला भाग बाहेर निघेना. भोवती निम्मा पाडा गोळा झालेला, प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा उजेड. शहापूरच्या ज्या सर्पमित्राबरोबर मी गेलो होतो, त्याने हुक गाडीलाच टेकवून ठेवला आणि आधी माणसं हलवली.

"मावशी, पोरांना घेऊन ओटीवर जा. उजेड बंद करा सगळे."

"अरे, पकड ना आधी त्या जनावराला!"

"पोटात माल आहे त्याच्या. आता हात लावला तर ओकंल."

हात लागण्याआधीच नाग ओकला. फणा खाली आला, पोटाकडून मानेकडे एक लाट उलटी चालत गेली आणि जबडा ताणून त्याने एकेक अंडं बाहेर टाकलं. कवच शाबूत, वर चिकट ओल. मग हलकं झालेलं अंग घेऊन तो जाळीबाहेर आला आणि पाइपमधून पिशवीत शिरला. मागून कुणीतरी विचारलं, "मणी पडला का दादा?"

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत साप पकडण्याचं काम पाहताना माझं लक्ष हळूहळू फण्यावरून पोटाकडे गेलं. बघ्यांना तोंडाची भीती असते. कामात मुरलेला माणूस तोंडावर नजर ठेवतो, पण हालचाल ठरवतो ती पोट पाहून.

सापाचं जठर साधारण शरीराच्या मध्यावर असतं. तिथे गोल, ठळक फुगवटा दिसला तर शिकार नुकतीच गेलेली. दिवस जातात तसा तो पसरट होतो, मागे सरकतो आणि विरतो. फुगवटा शरीराच्या मागच्या एक-तृतीयांश भागात, लांबट आणि दोन्ही कुशींना सारखा असेल, तर मादीच्या पोटात अंडी असण्याचा संभव जास्त. घोणस असेल तर पिल्लं, कारण ती अंडी घालत नाही. अगदी शेपटीजवळ, गुदद्वाराच्या थोडं अलीकडे टणक गोळा राहिला, तर बहुधा मलावरोध. आणि मध्यावरचा फुगवटा आठवडे उलटले तरी तसाच असेल, साप खातो आणि परत टाकतो, तर मामला आजाराचा आहे. पाठीचा कणा वर आलेला, कातडीला सुरकुत्या, तोंडात तार सुटणारी लाळ या खुणा पाणी कमी पडल्याच्या आणि उपासमारीच्या.

विष्ठाही वाचावी लागते. निरोगी सापाच्या विष्ठेत एक गडद भाग असतो आणि एक खडूसारखा पांढरा. पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. पाणी वाचवत लघवी टाकण्याची ही सापांची रीत. तो पाहून "सापाला काहीतरी झालंय" असे फोन येतात. काळजी करायची ती विष्ठा हिरवट, बुळबुळीत किंवा रक्ताळलेली असेल तेव्हा. धामण किंवा दिवड पकडताना अंगावर उडणारी घाण मात्र जुलाब नसते. भेदरलेला साप सुटका व्हावी म्हणून ती सोडतो, आणि तिचा वास शर्टातून दोन धुण्यांत जात नाही.

बाहेर पडलेली शिकार वेळ सांगते. उंदराचे केस जागच्या जागी, अंग नुसतं ओलं, तर गिळून काही तासच झालेत. केस सुटू लागलेले, कातडी विरघळलेली, तर जठराचं काम सुरू होऊन बराच वेळ गेलेला. ओकणं दोन्ही वेळा वाईटच, पण दुसऱ्या वेळी जास्त. जठरातलं तीव्र आम्ल अन्ननलिका आणि तोंड भाजत वर येतं आणि अंगातलं पाणीही जातं. बेडूक मात्र कधीकधी जिवंत बाहेर पडतो आणि सगळ्यांच्या देखत उड्या मारत निघून जातो. दिवडीच्या बाबतीत पावसाळ्यात हे नेहमीचं.

सापाला अन्न वर काढणं इतकं महाग का पडतं, हे अजगरावरून कळतं. जठरात आम्ल सतत तयार ठेवणं त्याला परवडत नाही. महिनाभर उपाशी राहणारा प्राणी पोटाचा कारखाना बंद ठेवतो. स्टीफन सीकॉर आणि जेरेड डायमंड यांनी भारतीय अजगराच्या जवळच्या नात्यातल्या बर्मी अजगरावर अभ्यास केला आणि 1998 साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो मांडला. मोठं भक्ष्य गिळल्यावर अजगराच्या शरीराचा ऊर्जावापर 40 पटींच्या घरात जातो, लहान आतडं जवळपास दुप्पट वजनाचं होतं आणि पचन संपलं की सगळं पुन्हा आटतं. म्हणजे गिळलेल्या घासावर सापाने अंगातली शिल्लक आधीच लावलेली असते. आपण त्याला ओकायला लावतो तेव्हा घास जातो आणि शिल्लकही.

हा सगळा व्यवहार उष्णतेवर चालतो. 30 अंशांच्या आसपास अजगर उंदीर पाच-सहा दिवसांत जिरवतो. पारा 20 पर्यंत उतरला की पचन रेंगाळतं, भक्ष्य आतल्या आत कुजू लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. म्हणून या दोन तालुक्यांत भातकापणीनंतरचे दिवस नाजूक. खळ्यावर उंदीर भरपूर, त्यांच्या मागावर धामणी आणि नाग पेंढ्यात शिरलेले, आणि डोळखांब किंवा माळशेजच्या पायथ्याशी टोकावड्याकडे रात्री गारठा. पहाटे उडवी हलवली की आतून जड पोटाचा, सुस्त साप निघतो. त्याला तिथून उचलून थंड फरशीवर ठेवलं, तर तो दुपारपर्यंत ओकणार हे जवळपास ठरलेलं.

अशा सापाला धरायची रीतही वेगळी. एरवी धामण शेपटीला धरून हुकवर तोलतात. पोट भरलेली असेल तर लोंबकळू द्यायची नाही. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना आधार द्यायचा आणि शक्यतो हातच लावायचा नाही. पाइपचं तोंड अंधाराच्या बाजूला ठेवलं की साप आपण होऊन आत सरकतो. पिशवी बाइकच्या टाकीवर नको, तिथे तापते. सोडायची जागा जवळची आणि आडोशाची, वेळ ऊन पडल्यानंतरची. आणि मध्ये खाऊ घालणं बंद. "भूक लागली असेल बिचाऱ्याला" असं म्हणत दूध पुढे करणाऱ्या घरांना सर्पमित्र एकच उत्तर देतो: सापाला दूध पचत नाही, आणि गारुड्याचा तहानलेला साप ते पितो तेव्हा श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसं बिघडू शकतात.

पाळलेल्या सापांची गोष्ट इथे दुर्मीळ, पण अगदीच परकी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे नाग, धामण, अजगर घरात ठेवता येत नाहीत. विदेशी जातींची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. मुरबाड रस्त्यालगतच्या एका फार्महाऊसवर असा बॉल पायथन पाहिला. मालकाच्या मुलाने सकाळी त्याला उंदीर दिला, दुपारी पाहुण्यांच्या गळ्यात घातला, संध्याकाळी वीज गेली आणि पेटीखालचा हीटर बंद पडला. रात्री उंदीर बाहेर. मुलगा लगेच दुसरा द्यायला निघाला होता.

सर्पमित्राने त्याला थांबवलं. ओकल्यावर 10 ते 14 दिवस काही द्यायचं नाही, फक्त स्वच्छ पाणी. पहिला घास नेहमीच्या निम्म्याने लहान. खाल्ल्यावर किमान दोन दिवस पेटी उघडायची नाही. पुन्हा ओकला तर ताजी विष्ठा डबीत घेऊन सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, कारण तेव्हा जंत, जिवाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम तपासायला हवा. हा परजीवी जठराची भिंत जाड करतो, त्यावर खात्रीचं औषध नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजची गर्दी गाई, शेळ्या, कोंबड्यांची. अशा सापासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. निघताना सर्पमित्र मुलाच्या वडिलांना एवढंच बजावून आला की कंटाळा आला म्हणून याला रानात सोडू नका. पेटीतला आजार तानसाच्या जंगलात नेण्याचा तो सोपा रस्ता आहे. तो स्वतः पकडायच्या पिशव्या दर वेळी उकळून उन्हात वाळवतो, तेही यासाठीच.

वनखात्याला द्यायच्या नोंदीत जात, ठिकाण, वेळ, सोडल्याची जागा असं सगळं असतं. आपल्या वहीत त्याने एक रकाना वाढवला आहे: पोट. भरलं, रिकामं, ओकला. ‘ओकला’ लिहिलेल्या बऱ्याच ओळींपुढे त्याच्याच अक्षरात गर्दी, काठ्या, व्हिडिओ असे शब्द आहेत. दगावलेल्या सापांची जंत्री जखमांची असते. ओकून, उपाशीपोटी थंडीत शिरलेल्या सापाचं पुढे काय झालं, हे कुणाच्या जंत्रीत येत नाही.

त्यामुळे अलीकडे तो काही फोनवर जाऊन साप पकडतच नाही. साप बिनविषारी असेल, घराबाहेर असेल, पोट भरलेलं असेल आणि घरचे ऐकणारे असतील, तर पोरं, कुत्री आत घ्यायला लावतो आणि लांब बसून राहतो. विषारी असेल तर पकडावाच लागतो. तिथे पोटापेक्षा माणसाचा जीव मोठा. धामण मात्र बहुतेकदा अंधार पडल्यावर बांधाकडे निघून जाते. अशा दिवशी फोटो मिळत नाही, पेट्रोलचे पैसे मागायलाही जीभ रेटत नाही, आणि घरातला कुणीतरी म्हणतोच, "मग तुम्ही केलं काय?" वहीत तो त्या दिवसापुढे ‘भरलं, गेली’ एवढंच लिहितो. माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यांत कसबी काम त्याच ओळींत आहे.