वारा आणि तापलेली वस्तू : निवण्याचे गणित

गरम तवा वाऱ्यात लवकर का निवतो, असे विचारल्यास ‘वारा थंड असतो म्हणून’ हे उत्तर वर्गात हटकून मिळते. ते बरोबर नाही. कोरडा तपमापक प्रथम खोलीतील संथ हवेत व नंतर त्याच खोलीत पंख्याच्या वाऱ्यात धरून पाहावा. आकडा उतरत नाही. मग वारा करतो काय, हे शिकविण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तापलेल्या पृष्ठभागाला लगटून हवेचा एक पातळ थर असतो. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने हा थर पांघरुणाप्रमाणे काम करतो. वारा आला की थर अधिक पातळ होतो, तापलेली हवा दूर जाते व तिची जागा ताजी हवा घेते. म्हणून उष्णता त्वरेने बाहेर पडते.

आयझॅक न्यूटन यांचा या विषयावरील लॅटिन निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७०१ साली निनावी प्रसिद्ध झाला. त्यांनी तापलेले लोखंड संथ हवेत न ठेवता एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवले व त्यावरील निरनिराळ्या धातूंचे कण केव्हा गोठतात हे पाहिले. त्यांच्या विचारातून आलेला नियम असा : वस्तू व हवा यांच्या तपमानांत जितका फरक, तितक्या प्रमाणात निवण्याचा वेग. फरक निम्मा झाला की वेगही निम्मा होतो.

या नियमाचे कोष्टक अपूर्णांक शिकलेला विद्यार्थीही मांडू शकेल. हवा ३० अंश सेल्सिअस व वस्तू ७० अंश, म्हणजे फरक ४० अंश धरू. संथ हवेत दर पाच मिनिटांस उरलेल्या फरकाचा दहावा भाग जातो असे मानल्यास फरक ४०, ३६, ३२.४, २९.२ असा उतरेल. पंधरा मिनिटांनी वस्तू सुमारे ५९ अंशांवर येईल. वाऱ्यात पाचवा भाग जातो असे मानल्यास फरक ४०, ३२, २५.६, २०.५ होईल व वस्तू सुमारे ५०.५ अंशांवर येईल. हवेचे तपमान दोन्ही वेळी तेच. बदलला तो केवळ अपूर्णांक.

हा अपूर्णांक प्रयोगानेच काढावा :

(१) सारख्या आकाराच्या दोन पितळी तांब्यांत सारखेच गरम पाणी शिक्षकाने स्वतः ओतावे.

(२) बाष्पीभवनाचा घोटाळा टाळण्यासाठी तोंडावर जाड पुठ्ठा बसवून छिद्रातून तपमापक सोडावा. ताप पाहण्याचा तपमापक वापरू नये. तो गरम पाण्यात फुटतो.

(३) एक तांब्या संथ हवेत, दुसरा पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी पाणी हलवून नोंद घ्यावी.

संथ हवेत हा अपूर्णांक हळूहळू घटताना दिसेल. वस्तू निवते तसा तिच्या उष्णतेने वर चढणारा हवेचा प्रवाहही मंदावतो. न्यूटन यांनी वारा का निवडला, हे यावरून उमगते.

कोष्टकाला मर्यादाही आहे. वस्तूच्या आतबाहेर तपमान जवळजवळ एकच असेल, तरच ते लागू पडते. पत्र्याचे छप्पर सूर्यास्तानंतर लवकर निवते. दगडी भिंतीचा बाहेरचा भाग निवला तरी आतील उष्णता सावकाश बाहेर येत राहते. तेथे भिंतीचे थर कल्पून प्रत्येकाचा हिशेब निराळा करावा लागतो.

फरकाची दिशा उलटली, तर उष्णतेची दिशाही उलटते, हे मुलांना अवश्य सांगावे. त्वचेचे तपमान साधारणतः ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४२ अंशांवर गेली म्हणजे वारा शरीरास उष्णता देतो, आणि जोराचा वारा ती अधिक वेगाने देतो. तेव्हा शरीर निववितो तो केवळ घामाचे बाष्पीभवन. घामासाठी पाणी हवे. म्हणून वैशाखातील दुपारी ‘वारा आहे, त्रास होणार नाही’ असे मानून मुलांना मैदानावर ठेवू नये. त्यांना सावलीत बसवावे व वेळोवेळी पाणी पाजावे.