राष्ट्रपतींना अटक करता येते का?



नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही ‘कायद्यापुढे सर्व समान’ हा पाठ शिकलो. राज्यघटनेच्या कलम १४ मध्ये तसे लिहिले आहे. घरी मी तो पाठ मोठ्याने वाचत होतो. आबा ओसरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “पोरा, पुस्तकात हे ठीक आहे. गरिबानं शेळी चोरली तर पोलीस लगेच धरून नेतात. पण देशाच्या राजानंच गुन्हा केला, तर त्याला कोण धरणार?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. त्यांनी घटनेचे पुस्तक हातात दिले आणि म्हणाले, “तूच शोध आणि भित्तिपत्रकात लिही.” मला जे समजले ते येथे लिहीत आहे.

प्रथम आपल्या देशाचे पाहू. आपल्याकडे राजा नाही, राष्ट्रपती आहेत. घटनेचे कलम ३६१ सांगते की, राष्ट्रपती पदावर असेपर्यंत त्यांच्यावर कोणत्याही कोर्टात फौजदारी खटला चालवता येत नाही आणि कोणतेही कोर्ट त्यांच्या अटकेचा हुकूम काढू शकत नाही. राज्यपालांनाही हेच लागू आहे. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री, आमदार, सरपंच यांना मात्र या कलमाचे संरक्षण नाही.

असे का बरे केले असेल? समजा, उद्या कुणीही उठून खोटी फिर्याद ठोकली, तर राष्ट्रपतींचा सगळा वेळ कोर्टाच्या पायऱ्या चढण्यातच जायचा. मग कायद्यांवर सह्या कोण करणार? देशाचे काम अडू नये म्हणून ही सवलत आहे. ती खुर्चीला आहे, माणसाला नाही. म्हणून तिला मुदत आहे. पद सुटले की अटकेची ही आडकाठी राहत नाही.

पण पाच वर्षे वाट पाहायची का? नाही. राष्ट्रपतींनी घटनेचा भंग केला तर कलम ६१ प्रमाणे संसद त्यांच्यावर महाभियोग चालवू शकते. त्यासाठी सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांनी सह्या करून १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मग एका सभागृहाने आरोप ठेवायचा आणि दुसऱ्याने चौकशी करायची. दोन्हीकडे एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मते पडली की राष्ट्रपतींना पद सोडावे लागते. आपल्या देशात आजवर एकाही राष्ट्रपतीला असे काढावे लागलेले नाही.

सगळ्या देशांत मात्र असेच नाही. दक्षिण कोरियाच्या घटनेत राष्ट्राध्यक्षांना पदावर असताना खटल्यापासून संरक्षण आहे. पण देशाविरुद्ध बंड किंवा देशद्रोह केला तर ते संरक्षण मिळत नाही. तेथे ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सक-योल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेत शिरले. तरीही १९० खासदार आत जमले आणि सर्वांनी एकमताने ‘हा कायदा उठवा’ असे मत दिले. १४ डिसेंबरला संसदेने महाभियोगाचा ठराव केला. पुढे बंडाच्या आरोपावरून अटकेचे वॉरंट निघाले. ३ जानेवारी २०२५ ला अधिकारी त्यांच्या घरी गेले, तेव्हा अंगरक्षकांनी त्यांना अडवले व परत पाठवले. १५ जानेवारीला ते पुन्हा गेले. वाटेत बसगाड्या आडव्या लावल्या होत्या. पोलीस शिड्या लावून त्यांवरून आत उतरले. यून यांना अटक झाली. पदावर असताना अटक झालेले ते त्या देशाचे पहिलेच राष्ट्राध्यक्ष. ४ एप्रिलला तेथील घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना पदावरून दूर केले.

आता एक अडचण उरते. ज्या देशात धरायला कुणाची छातीच होत नाही, तिथे काय? अशा वेळेसाठी नेदरलँड्स देशात हेग या शहरी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. ते २००२ पासून आहे. नरसंहार आणि युद्धातले अत्याचार अशा फार मोठ्या गुन्ह्यांचा न्याय तेथे होतो. ‘मी राष्ट्रप्रमुख आहे’ ही सबब तेथे चालत नाही. २००९ साली या न्यायालयाने सुदानचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर वॉरंट काढले. पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखावरचे ते या न्यायालयाचे पहिले वॉरंट. पण या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. सभासद देशांनीच आरोपीला पकडून द्यायचे असते. २०१५ साली बशीर दक्षिण आफ्रिकेत गेले होते. तो देश सभासद होता, तरी त्यांना कोणी पकडले नाही. शेवटी २०१९ साली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्याच सैन्याने त्यांना पदावरून काढून कैदेत टाकले. (आपला भारत या न्यायालयाचा सभासद नाही.)

हे सगळे मी आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे राजाला माफ नाही, फक्त थांबवून ठेवलेलं असतं म्हण की.”

मी म्हणालो, “होय आबा. पण आपण विसरलो, तर थांबवलेलं तसंच राहून जातं.”

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वाच पुन्हा पहिल्यापासून. हळू वाच.”

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी