जुन्या मोटारीला घरच्या घरी रंग

रंग हा मोटारीचा अलंकार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गाडी विकावयाची असली किंवा घरी मंगलकार्य निघाले म्हणजे ती रंगवून घ्यावी असे मालकास वाटू लागते. एरव्ही ती तशीच चालते. परंतु ज्या पोलादी पत्र्याने मोटारीचे अंग बनलेले असते तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, आणि पाऊस, दहिवर व समुद्रावरील खारा वारा यांपासून त्याचे रक्षण करणारा रंगाचा संपूर्ण लेप त्याच्या एक-दशांशाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट इतकाच भरतो. हा लेप जेथे तुटला तेथे पत्रा उघडा पडला. आणि उघडा पत्रा किती वर्षे टिकतो हे चेन्नई किंवा रत्नागिरी येथील मोटारमालकास सांगावयास नको.

उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणारी ॲम्बॅसडर २०१४ साली बंद झाली. मारुती ८०० या गाडीचे उत्पादनही त्याच वर्षाच्या आरंभी थांबले. या जातींच्या पुष्कळ गाड्या आजही घरोघरी दारात उभ्या आहेत. खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरली की नूतनीकरणासाठी ती तपासणीस न्यावी लागते, आणि नूतनीकरण पाच वर्षांपुरते होते. गाडीचे यंत्र धडधाकट असावे, पण अंग गंजल्यामुळे ती मोडीत काढावी लागावी, हा प्रकार विरळा नाही. बाहेर संपूर्ण रंगकाम करून घ्यावे तर त्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागतो. ज्यांच्यापाशी पैसा बेताचा, परंतु वेळ व चिकाटी आहे, अशा वाचकांसाठी पुढील विवेचन आहे.

प्रथम एक प्रश्न विचारावा: रंग खरोखर गेला आहे की केवळ निस्तेज झाला आहे? उन्हातील अतिनील किरणांमुळे रंगाच्या अगदी वरच्या भागातील राळ विघटित होते आणि मोकळे झालेले रंगद्रव्य खडूच्या भुकटीसारखे बोटास लागते. साध्या एकरंगी गाडीच्या बाबतीत हा बिघाड पुष्कळदा काही मायक्रॉनपुरताच असतो. रबिंग कंपाऊंड ओल्या फडक्याने घासून तेवढा थर काढला की खालचा निरोगी रंग वर येतो. छताचा एक वीतभर भाग असा घासून पाहावा. तो उजळला तर एका डब्याच्या खर्चात काम संपले, आणि पुढील मजकूर वाचण्याचीही गरज राहिली नाही.

रंगाला जेथे फोड आले असतील तेथे मात्र गोष्ट निराळी. गंज म्हणजे लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने घडणारी विद्युत-रासायनिक क्रिया होय. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांनी ती एका साध्या प्रयोगाने स्पष्ट केली. स्वच्छ पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी त्याची वाण पडते. त्यामुळे मध्यभाग धनाग्र व कडा ऋणाग्र बनून एक सूक्ष्म विद्युत-घट तयार होतो, आणि लोखंड विरघळते ते मध्यभागी, म्हणजे जेथे प्राणवायू कमी तेथेच! फुगलेल्या रंगाखाली, हवा पोहोचत नाही अशा जागी गंज कसा पसरतो याचा उलगडा यावरून होतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो वरचा रंग उचलतो, उचललेल्या पापुद्र्याखाली पाणी शिरते, आणि क्रिया पुढे सरकते. गंजावर रंग लावणे म्हणजे या चालू विद्युत-घटावर पांघरूण घालणे.

म्हणून बेताच्या पैशातील मोठा वाटा खालच्या कामासाठी राखून ठेवावा; वरचा रंग हा एकंदर खर्चातील लहान भाग आहे. फोड आलेली जागा खरवडून, तारेच्या ब्रशाने व ८० नंबरच्या घासकागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करावी. पत्र्याला आरपार भोक पडले असेल तर तेथे लांबी भरून भागत नाही. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडून घ्यावा, आणि हे काम झाळणाऱ्या कारागिराकडेच सोपवावे.

बारीक खड्ड्यांत रुतलेला गंज कागदाने निघत नाही. त्यावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रव लावतात. गंजाचे रूपांतर करणारा म्हणून तो बाजारात मिळतो. आम्लामुळे लोहाचे फॉस्फेट तयार होऊन ते पत्र्यास चिकटून बसते. येथे दिल्लीतील मेहरौलीच्या लोहस्तंभाचे स्मरण होते. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर राहूनही तो फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमणियम यांच्या अभ्यासानुसार त्या लोखंडातील फॉस्फरसाचे जादा प्रमाण हे त्याचे एक प्रमुख कारण. त्यामुळे स्तंभावर फॉस्फेटयुक्त संरक्षक पापुद्रा निर्माण झाला. आम्लाच्या एका बाटलीने मोटारीचा लोहस्तंभ होणार नाही हे उघड आहे, पण मूळ तत्त्वात नाते आहे.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसा ठेवू नये. त्याच दिवशी त्यावर प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा हात द्यावा. अस्तर हे सच्छिद्र असते. केवळ अस्तर लावलेली गाडी पावसात फिरविल्यास ते पाणी शोषून घेते व सर्व श्रम फुकट जातात. पोचे भरण्याच्या लांबीचीही तीच खोड. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती ओलावा धरते. म्हणून लांबी कोरडीच घासावी, घासताना नाकातोंडावर मुखपट्टी असावी, आणि थर शक्य तितका पातळ ठेवावा. लांबीने गाडीचा आकार घडविण्याचा मोह काही कारागिरांनाही आवरत नाही. तो मोह घरी तरी टाळावा.

आता कोणता रंग निवडावा? मोटारयुगाच्या आरंभी घोडागाडीप्रमाणेच मोटारीवरही कुंचल्याने तेलकट वार्निश चढवीत आणि ते सुकावयास आठवडे लागत. १९२३ साली ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे ‘ड्यूको’ नावाचे लॅकर आणले, ते प्रथम ओकलंड मोटारींवर वापरण्यात आले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. कारण हे लॅकर केवळ थिनर उडून गेल्याने सुकते. त्यात कोणतीही रासायनिक क्रिया घडत नाही. परंतु त्यासाठी फवारा व कॉम्प्रेसर लागतो आणि थिनर अत्यंत ज्वालाग्राही असतो. दमट हवेत आणखी एक अडचण येते. थिनर वेगाने उडताना पृष्ठ थंड होते, त्यावर हवेतील बाष्प जमते, आणि रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक येते.

दुसरा वर्ग दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगांचा. टिकाऊपणात व चकाकीत त्यांची बरोबरी होत नाही, पण घरी त्यांचा फवारा मारू नये असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. त्यांच्या घट्ट करणाऱ्या घटकात आयसोसायनेट असते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये ज्या वायूने अनर्थ केला त्याच रासायनिक कुळातील हे पदार्थ. रंगातील आयसोसायनेटे त्या वायूइतकी उडून जाणारी नसतात, हे खरे; परंतु फवाऱ्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. साध्या मुखपट्टीने त्यांचे निवारण होत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण ज्याच्यापाशी नाही त्याने त्या वाटेस जाऊ नये.

उरतो तो सिंथेटिक एनॅमल, दारे-खिडक्यांना लावतात तोच. त्याचे सुकणे समजून घेण्यासारखे आहे. जवसाच्या तेलाची बाटली बरेच दिवस उघडी राहिली की तिच्या तोंडाशी चिकट राळ जमते. खोबरेलाचे तसे होत नाही. जवसाच्या तेलातील मेदाम्लांत द्विबंध पुष्कळ असतात आणि हवेतील प्राणवायू त्या जागी रेणूंना परस्परांत गुंफतो. एनॅमलमधील अल्किड राळेतही अशीच सुकणारी तेले गुंफलेली असतात. प्रथम टर्पेंटाईन उडते, नंतर प्राणवायू वरून आत शिरत रंग घट्ट करीत जातो. म्हणून थर जाड दिल्यास वर साय धरते आणि खालचा भाग कित्येक दिवस मऊ राहतो. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही सरस, असे रंगारी सांगतात त्याचे मर्म यात आहे.

जुना रंग या एनॅमलला कितपत मानवेल हे ठरविण्यास एक सोपी परीक्षा आहे. लॅकरच्या थिनरमध्ये बुडविलेले फडके एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात घासावे. रंग विरघळून फडक्यास लागला तर तो लॅकर होय. सुरकुत्या पडल्या तर एनॅमल. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा दोन डब्यांचा. या तिहींवर, नीट घासल्यानंतर, एनॅमल बसतो. उलट एनॅमलवर लॅकर चढविल्यास थिनर त्याला उकलून काढते. पुढेमागे फवाऱ्याचे काम करावयाचे मनात असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कुंचल्याने वा रोलरने दिलेला रंग सपाट कसा होणार, ही शंका स्वाभाविक आहे. ओल्या रंगावर बारीक सरी उमटतात. पृष्ठताण त्यांना सपाट करू पाहतो, श्यानता त्यास विरोध करते. गणित असे सांगते की दोन सरींमधील अंतर दुप्पट झाल्यास त्या सपाट होण्यास सोळापट वेळ लागतो. बारीक छिद्रांच्या फोमचा लहान रोलर वापरावयाचा तो याचसाठी. त्याचे ठिपके जवळजवळ असतात व रंग सुकण्यापूर्वी मिटतात. तेच गणित असेही सांगते की थर दुप्पट जाड असेल तर सरी आठपट लवकर मिटतात. पण उभ्या दारावर जाड थर तितक्याच तत्परतेने ओघळतो! यावर उपाय म्हणजे छत व बॉनेट या आडव्या भागांवर रोलर किंचित भरलेला असावा, दारांवर जवळजवळ कोरडा. एनॅमलमध्ये टर्पेंटाईन थोडेथोडे घालीत जावे व काठीवरून रंग सलग धारेने पडू लागला की थांबावे.

लहान मोटारीचा रंगवावयाचा भाग सुमारे दहा ते बारा चौरस मीटर भरतो. तीन ते चार लिटर रंग पुरेसा होतो. गाडी साबणाने धुऊन, मेण व तेलाचा अंश पुसून, जुना रंग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावा. काचेची रबरे व दिवे चिकटपट्टीने झाकावेत. दोन हात दिल्यानंतर दोन-तीन दिवस थांबून ६०० ते ८०० नंबरच्या कागदाने पाण्याखाली हलके घासावे, आणि पुन्हा दोन हात द्यावेत. पावसाळा यासाठी वर्ज्यच. उत्तरेकडे मे महिन्यातील धुळीची वादळे आणि पौषातील धुके हेही तितकेच प्रतिकूल. काम सकाळी आरंभून दुपारपूर्वी संपवावे. ओल्या एनॅमलवर रात्रीचे दहिवर पडले तर चकाकी जाते. झिलई देण्याची घाई मात्र नको. महिनाभराने १५०० व २००० नंबरचा कागद आणि पॉलिश वापरल्यास, हातभर अंतरावरून पाहणाऱ्यास तरी हे काम फवाऱ्याचे नव्हे अशी शंका येणार नाही. जवळून पाहणाऱ्यास येईल, आणि तीन-चार उन्हाळ्यांनंतर रंग थोडा फिकटही होईल. ही किंमत मान्य करूनच कामास लागावे. चंदेरी झाक असलेला रंग रोलरने देऊ नये. त्यातील ॲल्युमिनियमचे कण वेडेवाकडे बसून डाग दिसतात.

धोक्यांपैकी दोन विशेष लक्षात घ्यावेत. जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या व तांबड्यात, शिसे असू शकते. पूर्वीच्या शेंदरी अस्तरात तर ते असतेच, कारण शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड. म्हणून जुना रंग पाण्यानेच घासावा, ते पाणी अंगणात साचू देऊ नये, आणि मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी दशलक्षांत ९० भागांची मर्यादा घातली असून ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हा नवा डबा घेताना त्यावरील शिशाविषयीची नोंद पाहावी. दुसरा धोका एनॅमलने माखलेल्या चिंध्यांचा. प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते, आणि गोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाकाव्यात.

छटा शक्यतो मूळचीच निवडावी. दारांच्या आतील कडा व बॉनेटची खालची बाजू रंगविण्याचे श्रम वाचतात, आणि नोंदणीपत्रात लिहिलेला रंगही कायम राहतो. बदलावयाचाच असेल तर परिवहन कार्यालयात आधी रीतसर नोंद करून घ्यावी. लष्करी वाहनांचा ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीस देण्यास १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मनाई आहे.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नये. डब्यातील हवेतल्या प्राणवायूमुळे त्यावर साय धरते. तो काठोकाठ भरेल अशा लहान बाटलीत ओतून, घट्ट बूच लावून, बाटलीवर छटेचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. दाराच्या खालच्या कडेला पुढील पावसाळ्यानंतर पहिला ठिपका दिसेल तेव्हा तो उपयोगी पडतो.