चाऱ्यातून निसटणारा वायू

मिथेन हा रंग नसलेला, वास नसलेला, पण चटकन पेट घेणारा वायू आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे त्याचे सुमारे ७२० रेणू होते. आता ते १९०० च्या वर गेले आहेत. कार्बन डायऑक्साइडपुढे हे प्रमाण किरकोळ वाटते, पण उष्णता अडवण्याची मिथेनची ताकद जबर आहे. सारख्या वजनाच्या कार्बन डायऑक्साइडशी तुलना केली, तर शंभर वर्षांच्या हिशेबात ती २७ ते ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास भरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वी जेवढी तापली, त्यात सुमारे अर्ध्या अंशाचा वाटा मिथेनचा असल्याचे आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाचा सहावा अहवाल सांगतो.

दोन हिशेबांत एवढी तफावत पडते, कारण मिथेन फार टिकत नाही. हवेतील हायड्रॉक्सिल हा अतिक्रियाशील घटक त्याला मोडतो आणि साधारण बारा वर्षांत त्याचा मोठा भाग संपतो. कार्बन डायऑक्साइडचा काही अंश मात्र शतकानुशतके हवेत राहतो. म्हणूनच मिथेन आज घटवला तर त्याचा गुण याच पिढीच्या हयातीत दिसू शकतो. हवामानाच्या प्रश्नात अशी दिलासा देणारी गोष्ट क्वचितच सापडते.

जगात माणसाच्या व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ४० टक्के शेती आणि पशुपालनातून, ३५ टक्के कोळसा, तेल व नैसर्गिक वायूच्या उद्योगांतून, तर २० टक्के कचरा आणि सांडपाण्यातून येतो. भारतात शेती-पशुपालनाचा वाटा जवळपास तीन-चतुर्थांश आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेकाठच्या सागवानी डोंगरांत वसलेल्या माहूर तालुक्यात तेलविहिरी नाहीत, की मुंबईच्या देवनारसारखे कचऱ्याचे डोंगर नाहीत. रेणुकामातेच्या गडाभोवतीच्या गावांत मिथेनचा शोध घ्यायचा, तर तो गोठ्यातच घ्यावा लागतो.

गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे माणसाला न पचणारा कडबा पचवतात, ते कोटीपोट या पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांच्या बळावर. हे जीव चाऱ्यातील तंतू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्ले जनावराच्या अंगी लागतात; हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडही सुटतात. हायड्रोजन साचला तर आंबवण्याची क्रियाच मंदावेल. तिथेच राहणारे, आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव तो वापरून मिथेन बनवतात. हा वायू मागून बाहेर पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून अधिक वायू ढेकरेवाटे तोंडातून जातो. त्याबरोबर चाऱ्यातील २ ते १२ टक्के ऊर्जाही जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वायू म्हणजे जनावराच्या पोटात जाऊनही अंगी न लागलेला चारा.

कंधार परिसरातील लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी हे या भागाचे दोन नामांकित गोवंश. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत या जनावरांचा बाजार दरवर्षी भरतो. आयपीसीसीच्या २००६ च्या मोजणी-पद्धतीत भारतीय उपखंडातील दुभती गाय वर्षाला सरासरी ५८ किलो मिथेन सोडते असे धरले आहे, तर उत्तर अमेरिकेतील गाय १२८ किलो. तरीही दर लिटर दुधामागे हिशेब केला की देशी गाय दोषी ठरते, कारण तिचे दूध कमी. हा हिशेब अपुरा आहे. लाल कंधारी किंवा देवणीचा बैल औत ओढतो, गाडी ओढतो. शेण शेताला मिळते. ही जनावरे मराठवाड्याच्या उन्हात तग धरतात. ट्रॅक्टरचे डिझेल आणि कारखान्यातले खत वाचते ते वजा न करता सगळा मिथेन दुधाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

मिथेन खरोखर घटू शकतो तो चाऱ्याच्या सुधारणेतून. ज्वारीचा वाळलेला कडबा, सोयाबीन-तुरीचे कुटार, उन्हाळ्यात डोंगरावरचे जून गवत, यांत तंतू जास्त आणि प्रथिने कमी. असा चारा पोटात रेंगाळतो आणि हायड्रोजन जास्त सोडतो. लसूणघास, मक्याचा मुरघास, थोडी सरकी पेंड मिळाली, तर दर लिटर दुधामागचा मिथेन उतरतो. पाणी नसेल तिथे हिरव्या चाऱ्याचा सल्ला पोकळ ठरतो, म्हणून वाळल्या चाऱ्यावरच्या प्रक्रियेला इथे अधिक महत्त्व आहे. १०० किलो वाळल्या चाऱ्याच्या कुट्टीवर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ती हवाबंद करून साधारण २१ दिवस ठेवतात. तंतू सैल होतात, नत्र वाढते. युरियाचे प्रमाण चुकले तर विषबाधा होते आणि लहान वासरांना हा चारा चालत नाही. तेव्हा पशुवैद्यकाला विचारूनच हे करावे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो.

शेणाचे गणित वेगळे. मिथेन बनायला हवेचा अभाव लागतो. वाळत घातलेल्या गोवऱ्यांतून आणि मोकळ्या उकिरड्यातून तो कमी सुटतो. पाण्यात साठवलेल्या शेणातून भरपूर. गोबरगॅसच्या टाकीत तो मुद्दाम बनवला जातो, मग चुलीवर जाळला जातो. जळताना त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णता अडवण्याची ताकद कितीतरी पटींनी उतरते. रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे असली की दोन घनमीटरचे संयंत्र चालते. जंगलातून मोळ्या वाहणाऱ्या घरांत त्यामुळे सरपणाची पायपीटही वाचते. मात्र डोम तडकलेले किंवा वायू न वापरता सोडून देणारे संयंत्र उलट नुकसानच करते.

मिथेनचा आणखी एक उपद्रव मराठवाड्याच्या पिकांशी थेट जोडलेला आहे. तो मोडताना जमिनीलगतच्या हवेत ओझोन वाढतो. हा ओझोन पानांत शिरून प्रकाशसंश्लेषण मंदावतो आणि सोयाबीन त्याला विशेष बळी पडते; लातूर-नांदेडचे तर हेच प्रमुख खरीप पीक.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, २०३० पर्यंत जगाचे मिथेन उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्के घटवण्याची प्रतिज्ञा झाली. भारताने तिच्यावर सही केली नाही; लहान शेतकऱ्याच्या उपजीविकेचे कारण त्यामागे होते. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एका तागडीत तोलू नये, असे मांडले होते. ते म्हणणे आजही रास्त आहे. पण सही नसली तरी कुट्टीयंत्र, मुरघास आणि दुरुस्त गोबरगॅस यांची गरज माहूरच्या गोठ्यांना आहेच, आणि त्यावरचा खर्च एकट्या पशुपालकावर टाकता येणार नाही.