परसबागेतील शोभेची झाडे : लावण्यापूर्वी करावयाचा विचार

परसबागेमुळे घराला शोभा येते व कुटुंबाच्या ताज्या भाजीचीही सोय होते. परंतु हौसेने आणलेली काही झाडे कुंपणाच्या आत राहत नाहीत. ती बांधावर, गायरानात व ओढ्यात शिरतात आणि एका घराच्या हौसेचा त्रास साऱ्या गावाला होतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी पुढील झाडांबाबत विशेष दक्षता घ्यावी.

घाणेरी : हे मूळचे अमेरिकेतील झुडूप १९ व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणले गेले. त्याची काळी फळे पक्षी खातात व बी दूरवर नेतात. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही, त्यामुळे चराऊ जमीन घटते. तिचा पाला खाल्ल्यास जनावरांना कावीळ होते, उन्हात त्यांची कातडी सोलवटते व प्रसंगी जनावर दगावते. वरवर छाटलेली घाणेरी बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणून जमीन ओली असताना, फळे धरण्यापूर्वी, ती मुळासकट खणून काढावी.

जलपर्णी : जांभळ्या फुलांसाठी ही हौदात ठेवतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. अनुकूल हवामानात सुमारे दोन आठवड्यांत हिची वाढ दुप्पट होते. वरच्या गावाने ओढ्यात टाकलेली रोपे वाहत जाऊन कृष्णाकाठच्या खालच्या गावांच्या पाणवठ्यावर साचतात. हौद साफ करताना काढलेली रोपे पाण्यापासून दूर, उन्हात पूर्ण वाळवावीत.

कॉसमॉस : पिवळ्या व नारिंगी फुलांचे हे मेक्सिकोतील झाड पुष्कळ बी धरते व रस्त्याच्या कडेने माळावर पसरते. आपले गवत व तेरडा, सोनकी यांसारखी रानफुले मागे हटतात. बी धरण्यापूर्वी ते उपटावे.

गाजरगवत कोणी लावीत नाही, परंतु रोपांच्या मातीतून व शेणखतातून ते परसात येते. नवीन रोपाच्या आळ्यावर काही आठवडे लक्ष ठेवावे व दिसताच, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून ते उपटावे.

कुंपणासाठी मेंदी, अडुळसा, निर्गुडी किंवा कोरांटी लावावी. हौदात कमळ ठेवावे. नवे झाड आणताना तीन गोष्टी विचाराव्यात : त्याचे बी कसे पसरते? तोडल्यावर ते पुन्हा फुटते काय? जनावरांना ते अपायकारक आहे काय? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ते लावू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती प्रत्येक घरी पोहोचवावी. कारण आज एका हाताने उपटता येणारे रोप उद्या साऱ्या गावाला आवरत नाही.